सायकलीच्या राखणीची कुळकथा

पश्चिम रेल्वेच्या विरार–डहाणू मार्गावर पालघर आणि बोईसर या स्थानकांबाहेर, दिवस उजाडण्यापूर्वीच्या गाड्यांच्या सुमारास, सायकलींची जी दाट रांग लागते, तिच्यातील प्रत्येक सायकलीमागे तिच्या धन्याने केलेली काही ना काही तजवीज असते. कोणी मागच्या चाकाचे कुलूप लावून त्याची पातळ किल्ली करगोट्याला बांधतो. कोणी हातभर साखळी चाकातून आणि कुंपणाच्या गजातून ओवून तिला कुलूप घालतो. कोणी स्टँडवाल्याकडून चकती घेऊन निश्चिंत होतो. आणि ज्याच्यापाशी यांपैकी काहीच नाही, तो ओळखीच्या चहावाल्याला ‘जरा लक्ष असू द्या’ एवढे सांगून गाडी पकडतो. या कृती इतक्या अंगवळणी पडल्या आहेत की, त्यांना काही पूर्वेतिहास असेल हे सहसा कोणाच्या मनात येत नाही. वस्तुतः सायकलीच्या राखणीचे कुळ जुने आहे. त्याची पहिली शाखा कुलपाची, दुसरी खुणेची आणि तिसरी राखणदाराच्या नजरेची. आणि या तिघींपैकी पहिली फोफावत असताना उरलेल्या दोन आपल्या डोळ्यांदेखत वठत चालल्या आहेत.

या कुळकथेसाठी पालघर आणि बोईसर–तारापूर हा मुलूख निवडण्यास सबळ कारण आहे. केळवे–माहीमच्या पानवेली आणि बागाईत, सातपाटीची मासेमारी आणि चिंचणी–तारापूरची किनाऱ्यालगतची जुनी वस्ती यांवर जगणाऱ्या या पट्ट्यात गेल्या शतकाच्या सातव्या दशकात एकाएकी नवे युग अवतरले. १९६३ साली अमेरिकेशी करार होऊन तारापूरच्या अणुविद्युत केंद्राची उभारणी हाती घेण्यात आली आणि १९६९ च्या ऑक्टोबरात देशातील ते पहिले अणुविद्युत केंद्र व्यापारी तत्त्वावर वीज देऊ लागले. १९६२ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने पुढे बोईसरजवळ तारापूरची औद्योगिक वसाहत वसविली. तेथे रसायनांचे, औषधांचे, कापडाचे आणि पोलादाचे कारखाने आले. आणि कारखान्यांबरोबर तीन पाळ्यांचा भोंगा आला. पाळीच्या वेळा एस. टी.च्या वेळापत्रकाशी जुळतीलच असे नाही, आणि रात्रपाळीहून सुटलेल्या कामगाराला खोलीवर पोचविणारे हुकमी वाहन त्याच्या स्वतःच्या दोन पायांनी चालणारेच असावे लागते. २०१३ च्या एप्रिलात उपनगरी लोकल डहाणू रोडपर्यंत येऊ लागली, २०१४ च्या ऑगस्टमध्ये पालघर हे नव्या जिल्ह्याचे मुख्यालय झाले, आणि स्थानकापर्यंत सायकल दामटून पुढे गाडीने जाणाऱ्यांची संख्या वाढली. अशा माणसाची सायकल नाहीशी होणे म्हणजे दुसऱ्या दिवसाचा खाडा आणि त्या खाड्याबरोबर रोज बुडणे होय. आणि म्हणूनच सायकलीच्या राखणीचा विचार हा येथे पोटापाण्याच्या विचाराहून निराळा काढता येत नाही.

सायकलीचा मूळपुरुष शोधावयाचा तर जर्मनीतील कार्ल ड्राइस याने १८१७ साली केलेल्या, जमिनीला पाय रेटून चालवावयाच्या दुचाकी लाकडी यंत्रापाशी जावे लागते. परंतु आपण आज जिला सायकल म्हणतो तिचे रूप, म्हणजे सारख्या आकाराची दोन चाके आणि मागच्या चाकाला गती देणारी साखळी, इंग्लंडात जॉन केम्प स्टार्ली याने १८८५ साली बाजारात आणलेल्या ‘रोव्हर’ने रूढ केले, आणि १८८८ साली जॉन बॉइड डनलॉप याने हवेने फुगणारी धाव काढून त्या रूपाला सुखावहपणा दिला. आपल्या देशात विलायतेहून येणारी सायकल प्रारंभी साहेबाची, सावकाराची अथवा हौशी श्रीमंताची मालमत्ता होती. ती घरात ठेवली जाई, नोकर तिला पुसून ठेवी, आणि धनी जेथे जाई तेथे तिच्यापाशी उभे राहावयास माणूस असे. पुढे मुंबईत वरळीला हिंद सायकल्सचा कारखाना निघाला. स्वातंत्र्यानंतर मद्रासेस टी. आय. सायकल्स, आसनसोलला सेन–रॅले, सोनिपतला ॲटलस आणि १९५६ साली लुधियान्यास हीरो असे कारखाने एकामागून एक उभे राहिले, आणि सायकल शिक्षकाच्या, पोस्टमनच्या, दूधवाल्याच्या आणि गिरणीकामगाराच्या हाती आली. या नव्या धन्यापाशी सायकल होती, पण तिच्यापाशी उभा करावयास नोकर नव्हता. धन्याच्या नजरेआड, उघड्यावर, आठ-आठ तास एकटी उभी राहणारी ही बहुधा सामान्य गृहस्थाची पहिलीच मौल्यवान वस्तू. आणि नोकराची ती रिकामी जागा भरून काढण्यासाठी कुलूप आले.

कुलपाचे कूळ सायकलीहून अर्थातच पुरातन आहे, परंतु ज्या रचनेवर सायकलीची साधी कुलुपे आजही चालतात तिचा उगम अठराव्या शतकाच्या अखेरीचा आहे. रॉबर्ट बॅरन याने १७७८ साली कुलपात एकाहून अधिक तरफा अशा बसविल्या की किल्लीने प्रत्येक तरफ नेमकी ठरावीक उंचीपर्यंत उचलल्याखेरीज खिट्टी सरकू नये; जोसेफ ब्रामाने १७८४ साली नळीच्या आकाराच्या किल्लीचे निराळे कुलूप काढले; आणि १८१८ साली चब या घराण्याने, कोणी खोटी किल्ली घालून पाहिल्यास तेवढ्यावरूनच अडकून बसणारे व धन्यास वर्दी देणारे कुलूप सिद्ध केले. ही कुलुपे अभेद्य होत असा लौकिक होता. तो लौकिक १८५१ साली लंडनच्या महाप्रदर्शनाच्या काळात आल्फ्रेड हॉब्ज या अमेरिकन कारागिराने धुळीस मिळविला. चबचे कुलूप त्याने अर्ध्या तासाच्या आत उघडले आणि ब्रामाच्या कुलपाला त्याला एकूण एक्कावन्न तास लागले, पण अखेर तेही उघडले. त्या दिवसापासून कुलपाच्या शास्त्रात एक सत्य कायमचे नोंदले गेले आहे, आणि ते सायकलीच्या धन्यानेही ध्यानी धरावयास हवे: कुलूप चोरास फक्त वेळ लावते, किती वेळ लावते, एवढ्यावरच त्याची किंमत ठरते.

आपल्याकडे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अलीगढ हे कुलपांचे गाव म्हणून नावारूपास आले, आणि मुंबईत शहरातील घरफोड्यांची वृत्ते वाचून अर्देशिर गोदरेज यांनी १८९७ साली लालबागेत कुलपांचा कारखाना काढला. घराच्या दाराला, तिजोरीला आणि गोदामाला पुरणारी ही विद्या सायकलीच्या वाट्याला आली ती मात्र फार सौम्य होऊन. विलायती सायकलींपैकी काहींत पुढच्या चिमट्याच्या माथ्याशीच किल्लीचे कुलूप असे व ते लावले की हँडल एका बाजूस वळलेले तसेच जखडून राही. पण आपल्या काळ्या, उंच, वीस किलोच्या घरातल्या देशी सायकलीवर जे स्थिरावले ते मागच्या चाकाचे, घोड्याच्या नालेच्या आकाराचे कुलूप.

हे कुलूप हाती घेऊन जवळून पाहण्याजोगे आहे. सीटखालून मागच्या आसाकडे उतरणाऱ्या दोन बारीक नळ्यांना ते दोन पट्ट्यांनी आवळून बसविलेले असते. पत्र्याच्या पोकळ नालेत एक गोल वाकविलेली सळई दडलेली असते. तिला बाहेरून एक खुंटी असते. किल्ली कुलपातच ठेवून आंगठ्याने ती खुंटी खाली दाबीत नेली म्हणजे सळई चाकाच्या तारांमधून पलीकडे जाते आणि आत ‘खट्’ असा आवाज होतो. मगच किल्ली हाती येते. कुलूप उघडे असेपर्यंत किल्ली निघत नाही, या एका युक्तीत त्या अज्ञात कारागिराचे सारे शहाणपण आहे, कारण त्यामुळे सायकल चालविताना किल्ली कधी हरवत नाही आणि कुलूप लावल्याखेरीज ती खिशात जात नाही. परत येऊन किल्ली फिरविली की आतली स्प्रिंग सळईला झटक्याने मागे ओढून घेते. साखळी बाळगण्याचे ओझे नाही, वाकून खांब शोधण्याची यातायात नाही; हात सीटवर असतानाच काम उरकते. बोईसरच्या कारखान्याच्या फाटकाशी हजेरीला दोन मिनिटे उरलेल्या माणसाला याहून सोयीचे दुसरे साधन देता आले नसते.

परंतु सोयीची किंमत सुरक्षिततेत मोजावी लागली. या कुलपात तरफा थोड्या, किल्ली पत्र्यातून ठोकून काढलेली, आणि म्हणून एकाची किल्ली दुसऱ्याच्या कुलपाला लागल्याचा अनुभव ज्याला नाही असा जुना सायकलस्वार विरळा. त्यातून समुद्रालगतच्या गावांचा खारा वारा आणि कोकणपट्टीचा चार महिन्यांचा पाऊस यांनी सळई गंजते, स्प्रिंग आळसावते, आणि कंटाळलेला धनी कुलूप लावणेच सोडून देतो. ज्या तारापूरच्या वसाहतीत पोलादाच्या सळया ओढल्या जातात आणि पत्र्यांना जस्ताचा मुलामा चढतो, तेथील कामगाराला गंजाचे हे शास्त्र शिकवावयास नको. पण कारखान्यातल्या यंत्राला वेळच्या वेळी वंगण देणारा तोच माणूस स्वतःच्या सायकलीच्या कुलपात पावसाळ्याआधी थेंबभर पातळ तेल सोडण्यास विसरतो. शेवटी, आणि हे सर्वांत महत्त्वाचे, मागच्या चाकाचे कुलूप चाक फिरू देत नाही, पण सायकल उचलू देते. वीस किलोचे धूड खांद्यावर घेऊन भर रस्त्याने चालणारा माणूस चार लोकांच्या नजरेत भरल्याशिवाय राहत नाही, या भरवशावरच ते कुलूप इतकी वर्षे टिकले. म्हणजे त्याचे अर्धे बळ पोलादात आणि अर्धे त्या चार लोकांत होते.

त्या चार लोकांना सायकल ओळखता यावी म्हणून खुणेची दुसरी शाखा उत्पन्न झाली. प्रत्येक सायकलीच्या सांगाड्यावर कारखान्यातच एक क्रमांक ठोकलेला असतो. तो बहुधा पायडलांचा आस ज्या नळीत फिरतो तिच्या बुडाशी किंवा सीटखालच्या नळीवर सापडतो. हा फ्रेम नंबर सायकलीचा जन्मदाखला होय. खरेदीच्या पावतीवर दुकानदाराने तो लिहून द्यावा आणि धन्याने ती पावती जपून ठेवावी, ही रीत एके काळी नव्या सायकलीच्या पूजेइतकीच अगत्याची मानली जाई.

दुसरी खूण सरकारी होती. नगरपालिका सायकलीवर वार्षिक कर बसवीत, आणि १९५८ च्या मुंबई ग्रामपंचायत अधिनियमाने ग्रामपंचायतींनाही सायकलींवर कर आकारण्याचा अधिकार दिला. कर भरला की धातूचा छोटा बिल्ला मिळे. त्यावर गावाचे नाव, साल आणि क्रमांक उठविलेला असे, व तो सायकलीच्या दर्शनी भागी अडकवावा लागे. बिल्ला नसलेली सायकल पकडली जाई, म्हणून लोक या करावर नाराज असत, आणि त्यांच्या नाराजीत तथ्यही होते. गरिबाच्या वाहनावर कर कशाला, या प्रश्नाला समर्पक उत्तर नव्हते. पुढे हा कर ठिकठिकाणी मागे पडला. त्याबरोबर बिल्लाही गेला आणि, कोणाच्या फारसे ध्यानात न येता, सायकलीच्या मालकीची एकुलती एक सार्वजनिक नोंदवहीही मिटली गेली. कर उठविणे न्याय्यच होते. नोंद उठविण्याचे मात्र कारण नव्हते.

तिसरी खूण लोकांनी आपली आपण निर्माण केली. तासाच्या भाड्याने सायकली देणारा दुकानदार मागच्या मडगार्डवर पांढऱ्या रंगात दुकानाचे नाव आणि ठळक आकडा रंगवून घेई. वहीत नेणाऱ्याचे नाव, गाव, वेळ आणि ओळख देणाराचे नाव लिही. आणि अनोळख्यास सायकल देत नसे. तो रंगविलेला आकडा पंचक्रोशीत कोठेही दिसला तरी सायकल कोणाची हे पोराटोरांना सांगता येई. खाजगी सायकलीवरही पेंटरकडून नाव टाकून घेण्याची चाल होती: साखळीच्या झाकणावर धन्याचे आडनाव, मडगार्डच्या टोकाला गावाचे नाव, एखाद्याच्या दांडीवर कुलदैवताचे. पुष्कळांना ती केवळ हौस वाटली. पण नाव खरवडलेली सायकल स्वतःच चोरीची साक्ष देते, हे भुरटा चोर पुरते जाणून असे.

राखणदाराची नजर ही तिसरी शाखा. तिचे घर म्हणजे ओटी आणि पडवी. पालघर तालुक्यातल्या जुन्या घरांत सायकल रात्री पडवीत घेतली जाई, आणि दिवसा बाहेर उभी राहिली तरी समोरच्या ओटीवर कोणी ना कोणी बसलेले असे. हीच ओटीवरची नजर पुढे पगारी होऊन स्थानकाबाहेरच्या सायकल स्टँडवर बसली. स्टँडची व्यवस्था साधी आहे आणि तिच्या साधेपणातच तिची ताकद आहे: एका क्रमांकाच्या दोन चकत्या, एक हँडलला आणि एक धन्याच्या हाती, चकती दाखविल्याखेरीज सायकल बाहेर जात नाही, आणि चकती हरवली तर ओळख पटवावी लागते. कारखान्याच्या आवारातील सायकल शेड आणि फाटकावरचा पहारेकरी हे त्याच व्यवस्थेचे दुसरे रूप. महिन्याचे पास काढणारे गिऱ्हाईक स्टँडवाल्याला चेहऱ्याने ठाऊक असते; दुसराच कोणी तीच सायकल न्यावयास आला तर तो आधी हटकतो आणि मग चकती पाहतो. हटकण्याच्या या हक्काइतके भक्कम कुलूप अद्याप निर्माण झालेले नाही.

या तिन्ही शाखांना कायद्याचा आधार आहे, परंतु तो कोणाला मिळतो हे समजून घेतले पाहिजे. १८६० च्या भारतीय दंड संहितेत चोरीची व्याख्या ३७८ व्या आणि शिक्षा ३७९ व्या कलमात होती; १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे ३०३ वे कलम तिच्या जागी आले आहे. त्यात अशी तरतूद आहे की, चोरलेल्या मालाची किंमत पाच हजार रुपयांहून कमी असेल, आरोपी प्रथमच दोषी ठरला असेल आणि माल अथवा त्याची किंमत परत केली गेली असेल, तर त्याला समाजसेवेची शिक्षा द्यावी. पुष्कळशा जुन्या सायकली याच मर्यादेत मोडतात. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचे १२४ वे कलम, जवळच्या मालाचा समाधानकारक हिशेब देऊ न शकणाऱ्याला जाब विचारते. पण फिर्याद नोंदविताना ठाणे अंमलदाराने ‘ओळखणार कशी?’ असे विचारल्यावर ‘काळ्या रंगाची, जुनी’ एवढेच उत्तर देणाऱ्या धन्याच्या हाती हा सारा कायदा असून नसल्यासारखा होतो. पंचनाम्यात सापडलेली सायकल मुद्देमाल म्हणून जमा होते. मालक ठाऊक नसला तर सहा महिन्यांच्या आत हक्क सांगण्याविषयी जाहीरनामा निघतो, आणि कोणी हक्क शाबीत केला नाही तर ती बेवारस ठरून तिची विल्हेवाट लागते. कित्येकदा धनी गावात असतो आणि सायकल ठाण्याच्या आवारात पावसात गंजत असते. दोघांमध्ये अंतर असते ते फक्त एका न लिहिलेल्या क्रमांकाचे.

अलीकडे या मुलखात गिअरच्या, हलक्या आणि महाग सायकली आल्या, आणि त्यांनी जुना हिशेब उलटा केला. जी खांद्यावर घेऊन पळता येते तिला मागच्या चाकाचे कुलूप निरुपयोगी. आणि पान्याशिवाय निघणारी, टुलिओ कांपान्योलो या इटालियन कारागिराच्या युक्तीची चाके असली तर खांबाला बांधलेले चाक मागे ठेवून उरलेली सायकल नेता येते. म्हणून सांगाडा आणि चाक दोन्ही एकत्र पकडून खांबाला जखडणारे, कठीण पोलादाचे इंग्रजी ‘यू’ अक्षराच्या आकाराचे कुलूप आले. अमेरिकेत बॉस्टनजवळच्या क्रिप्टोनाइट कंपनीने १९७० च्या दशकात ते लोकप्रिय केले. त्याच्या गजापुढे साधी कातर चालत नाही. तरीही २००४ साली असे उघडकीस आले की, नळीच्या किल्लीचे ते नामांकित कुलूप स्वस्तातल्या बॉलपेनच्या पोकळ नळीने उघडता येते, आणि कंपनीला कुलुपे बदलून द्यावी लागली. हॉब्जने शिकविलेला धडा दीडशे वर्षांनी पुन्हा गिरवावा लागला. उलट जपानने दुसरी वाट धरली: तेथे १९९४ पासून प्रत्येक सायकलीची चोरीप्रतिबंधक नोंदणी कायद्याने आवश्यक आहे, दुकानातच थोड्या शुल्कात नोंद होते, सांगाड्यावर क्रमांकाची चिठ्ठी चिकटते, आणि पोलिसांना बेवारस सायकलीचा धनी शोधता येतो. आपण जो बिल्ला कराबरोबर टाकून दिला, त्याचेच हे करभाररहित रूप होय.

माझे मत असे, की कुलूप दिवसेंदिवस जाड करीत जाण्याने हा प्रश्न सुटणार नाही. कुलपाने लावलेल्या उशिराचा उपयोग करून घेणारी खूण आणि नजर सोबत असेल तरच त्या उशिराला अर्थ आहे. म्हणून पालघर–बोईसरच्या सायकलस्वारांस विनंती आहे. आजच सायकल उलटी करून बुडाचा फ्रेम नंबर पुसून वाचा, तो कागदावर लिहा, खरेदीच्या पावतीसह त्याचा आणि सायकलीचा फोटो घरातल्या दोन माणसांच्या फोनमध्ये ठेवा. स्थानकाबाहेर चाकाबरोबर सांगाडाही खांबाला बांधा. आणि पावती न देणाऱ्याकडून जुनी सायकल कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका, कारण चोरीच्या मालाला गिऱ्हाईक मिळते म्हणूनच चोरी होते. ग्रामपंचायतींना, नगरपरिषदेला आणि कारखान्यांच्या व्यवस्थापनांना सांगणे एवढेच, की कर न घेता सायकलींची एक वही ठेवावी: नाव, गाव, फ्रेम नंबर. मानव विकास कार्यक्रमातून शाळकरी मुलींना ज्या सायकली मिळतात, त्यांच्यापासून या वहीचा आरंभ करावा. त्यांची यादी शाळेत तयारच असते, तिच्यात एक रकाना तेवढा वाढवावा लागेल.